नाल्याच्या पाण्याबद्दल तिने लिहिलेलं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मुलांना नुसती भाषणं देऊ नयेत, त्यांच्याकडूनच भाषा उलगडून घ्यावी, हे मी बी.एड.ला शिकले होते. म्हणून नाशिकच्या कडेला, कॉलन्या संपून भाजीचे मळे सुरू होतात तिथल्या आमच्या शाळेत, मी सातवीला एक ॲनिमेशनपट दाखवला. नदीतल्या माशाची गोष्ट. मग विचारलं, पाण्याबद्दल मासा काय बोलतो, कारखानदार काय बोलतो? मुलांनी शब्द टिपले. मासा 'घर' म्हणत होता, कारखानदार 'विल्हेवाट'. शब्दावरून माणसाची नजर कळते, हे त्यांना पटकन समजलं. मी खूश.

गृहपाठ दिला: तुमच्या घरचे लोक जवळच्या पाण्याबद्दल काय बोलतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

एका मुलीने लिहिलं, "आई म्हणती, नाल्याचं पाणी म्हणजे फुकटचं खत हाय. पालक लय काळाभोर येतो. विकायच्या आधी आम्ही जुड्या त्याच पाण्यात बुडवतो, म्हणजे ताज्या दिसतात."

एवढं खरं वर्गात कुणीच लिहिलं नव्हतं. मी 'उत्तम' असा शेरा मारला आणि ते पान तिच्या नावासकट व्हरांड्यातल्या फलकावर लावलं. तिची आई दर शनिवारी शाळा सुटताना फाटकाशी भाजीची पाटी घेऊन बसायची. आमचा सगळा स्टाफ तिच्याकडूनच भाजी घ्यायचा, मीही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी सुचलं नाही, एवढंच.

त्या शनिवारी एकाही शिक्षकाने जुडी उचलली नाही. "आज नको, मावशी," म्हणत सगळे गाड्या काढून गेले.

मुलीची आई माझ्याकडे आली. "मॅडम, पोरीनं खोटं लिव्हलं का काय?"

"नाही हो. खरंच लिहिलंय."

"मंग? नाला काय आम्ही आणला? वरच्या सोसायट्यांचं पाणी हाय ते. तुमच्या मोरीचं बी आसंल त्यात. विहिरीत बी तेच उतरलंय. दुसरं पाणी दावा, त्यात धुते."

माझी सोसायटी वरच्याच अंगाला आहे. मी पर्स उघडली. दोन जुड्या घेतल्या. घरी त्या ओट्यावर तशाच सुकल्या. मुलाच्या ताटात वाढायचं धाडस झालं नाही.

सोमवारी पान काढलं, पण ते सगळ्यांचं वाचून झालं होतं. स्टाफरूममध्ये विषय काढला, तर एक जण हसून म्हणाले, "तुम्हीच तर आम्हाला सावध केलंत!"

पुढच्या शनिवारी फाटकाशी कुणी नव्हतं. आता ती लांबच्या बाजारात बसते, जिथे तिच्या मुलीचं अक्षर कुणी वाचलेलं नाही. पालक तोच.

पुढचा गृहपाठ मुलीने तपासायला आणला. "पाणी म्हणजे जीवन. आपण पाणी स्वच्छ ठेवले पाहिजे."

"हे तुझ्या घरी कोण म्हणतं?" मी विचारलं.

"कुणीच नाय, मॅडम. पण हे फळ्यावर लावलं तरी चालतंय."

चूक काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मी बरोबरची खूण केली आणि पुढची वही ओढली.