धरायचं नाही

बर्मिंगहॅमला असताना एका हिवाळ्यात मी अमेरिकन फुटबॉलच्या टीमची लाईन नव्याने उभी केली, असं सांगितलं की मराठी मंडळातले लोक पहिल्यांदा हेच विचारायचे, की चेंडू हातात घेऊन पळायचं असेल तर त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं. याचं उत्तर मला आजही देता येत नाही. लाईन म्हणजे काय ते मात्र सांगतो, नाहीतर माझी चूक कळायची नाही. चेंडू लांब फेकणारा एक खेळाडू असतो, तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच दांडगे गडी ओळीने उभे राहतात. समोरचे लोक त्याला आडवा करायला धावून येतात आणि या पाच जणांनी त्यांना थोपवायचं. तळहाताने हवं तेवढं ढकला, पण धरायचं नाही. धरलं की पंच पिवळा रुमाल फेकतो आणि सगळ्या टीमला मागे सरकावं लागतं.

मी सांगलीकडचा. कॉलेज संपेपर्यंत कबड्डी खेळलो, डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्यातल्याचं काम पकड करण्याचं. चढाईला आलेल्याचा घोटा हातात आला की काही झालं तरी सोडायचा नाही, हे आमच्या सरांनी इतकं घोटून घेतलं होतं की माझी मूठ डोक्याला न विचारताच वळायची. पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इंग्लंडला आलो. ऑफिसातल्या एकाने माझा आकार बघून मला टीममध्ये ओढलं, आणि जागा मिळाली तीही ओळीच्या डाव्या टोकाला. मला वाटलं, चला, ओळखीचंच काम आहे.

तीन सीझन ते जेमतेम निभावलं. तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या मॅचला मी दोनदा समोरच्याचा शर्ट धरला आणि दोनदा रुमाल पडला. कोच बाहेरून ओरडत होता. तिसऱ्यांदा तोच माणूस आला तेव्हा मी हात आखडता घेतला, आणि तो माझ्या बगलेखालून सरळ आत गेला. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, म्हणजे माझ्याकडे. त्या बाजूचं त्याला दिसत नाही, तिथे भरवशावर उभं राहावं लागतं. आमचा क्वार्टरबॅक उजव्या खांद्यावर पडला आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. तो प्रायमरी शाळेत शिक्षक होता. सप्टेंबरमध्ये टर्म सुरू झाली तेव्हा तो बोर्डवर डाव्या हाताने लिहीत होता.

त्याच महिन्यात लाईन फुटली. एकाला एडिनबराच्या बँकेत नोकरी लागली, एकाचा गुडघा गेला, एकाला जुळं झालं. उरलो मधला खेळाडू आणि मी. कोचने मला बाजूला घेतलं. “तुला वाईट वाटतंय ते दिसतंय मला. नुसतं वाईट वाटून घेऊ नको, नवी लाईन बांध.”

क्वार्टरबॅकला भेटायला गेलो तेव्हा त्याने चहा केला, तोही डाव्या हाताने. मला मदत करू दिली नाही. म्हणाला, “मार्चमध्ये एकदा येऊन तुमच्या मागे उभा राहीन. मग खेळायचं की सोडायचं ते ठरवीन.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. टीमला दुसरा कोणीतरी मिळालाच असता, पण या माणसाचा खेळ माझ्यामुळे सुटला हे मला सहन होणारं नव्हतं. मार्चपर्यंत लाईन उभी राहिलीच पाहिजे असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हॉस्पिटलमध्ये ॲनेस्थेटिस्ट. तिने तिच्या पद्धतीने आशीर्वाद दिला. “कर काय करायचं ते, पण चिखलाचे बूट कार्पेटवर आणलेस तर तुझंही कॉलरबोन मी बघते.”

माणसं शोधायला मी लाजलो नाही. कोपऱ्यावरचा खाटीक मटण तोडत होता तेव्हाच त्याला विचारलं, तो तयार झाला. बसडेपोतला एक मेकॅनिक मिळाला, एका पबच्या दारावरचा माणूस मिळाला. दर रविवारी सकाळी कौन्सिलच्या मैदानावर आम्ही जमायचो. गवत नावालाच, सगळा चिखलाचा रेंदा. सुरुवातीला हे गडी एकेकटे धावत आणि मधून बैलगाडी जाईल एवढी फट ठेवत. मग मी त्यांना कबड्डीची साखळी शिकवली. हातात हात धरून पाच जणांनी एकदम डावीकडे, एकदम मागे, शेजाऱ्याकडे न बघता त्याचं पाऊल ओळखायचं. पबवाला आधी माझा हात धरायला तयार नव्हता. महिन्याभरात तोच हात सुटला की शिव्या द्यायला लागला. पाय जमले, याचा मला भारी अभिमान वाटला.

हातांचं मात्र कठीण. सगळेच शर्ट पकडत. मी घरातले ओव्हनमधून भांडं काढायचे जाड मिट्स नेले आणि आणखी चार जोड विकत आणले. ते घातले की बोटं वळतच नाहीत. फुलाफुलांचे मिट्स घालून पाच धिप्पाड पुरुष एकमेकांना ढकलताहेत हे बघायला कुत्री फिरवणारे लोक थांबत.

जानेवारीत बायको म्हणाली, “अरे, आमच्या ऑपरेशन थिएटरला एक पोर्टर आहे. ही इज ह्यूज. आणि पेशंटचा बेड असा नेतो ना, की झोपलेला माणूस जागा होत नाही. विचारू का त्याला?” तो राखीव म्हणून आला. मिट्स त्याला लागलेच नाहीत. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, “बेड घट्ट धरला की आपला झटका त्याला बसतो, मग तो भिंतीवर जातो. हात उघडा ठेवायचा आणि पायांनी चालायचं.”

फेब्रुवारीत बाकीच्यांनीही मिट्स काढले. माझे काढले की पहिल्या धडकेलाच मूठ वळायची. ऑफिसच्या लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर मी तळहात उघडे ठेवायची सवय करत होतो. काही उपयोग झाला नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी क्वार्टरबॅक आला. आमच्याच टीमचे लोक समोर धावून यायला उभे केले. बारा वेळा चेंडू त्याच्या हातात गेला आणि एकदाही कोणी त्याच्यापर्यंत पोचलं नाही. लाईन उभी राहिली होती. पण बाराच्या बारा वेळा त्याने आधी मान वळवून डावीकडे बघितलं, मग पुढे. तेवढ्यात फेकायची वेळ निघून जायची. मी चार वेळा शर्ट धरला होता. सरावात रुमाल पडत नाही, म्हणून कोणी बोललं नाही.

घरी बायको म्हणाली, “जमली की रे लाईन.”

“जमली,” मी म्हटलं. “मी सोडून.”

तिने माझे बूट उचलून दाराबाहेर ठेवले. तिला खोटा धीर देता येत नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा राग आला. सहा महिने राबून बांधलेल्या घरातून आपणच बाहेर पडायचं, हे मला फार जड गेलं. पण लाईन बांधायचं कबूल मी केलं होतं, आणि नको असलेला गडी काढणं हेही त्याच कामात येतं.

दुसऱ्या दिवशी मी क्वार्टरबॅकच्या शाळेच्या गेटपाशी जाऊन थांबलो. तो बाहेर आल्यावर म्हटलं, “तुझ्या डाव्या बाजूला आता मी नसेन. पोर्टर असेल.”

तो नको म्हणेल, निदान सभ्यपणाने तरी म्हणेल, अशी मला आशा होती. तो म्हणाला, “थँक्स. मग मी खेळतो.”

एप्रिलमध्ये पहिली मॅच झाली. मी मैदानाबाहेर टचलाईनवर कोचच्या शेजारी उभा होतो. चेंडू त्याच्या हातात आला आणि त्याने मान वळवली नाही. पाय रोवून, पाठ पोर्टरच्या भरवशावर मोकळी टाकून, तो लांबवर कोण सुटतंय याची निवांत वाट बघत उभा राहिला. मग त्याने चेंडू फेकला. कोच माझ्या पाठीवर थोपटत होता आणि मला खरंच आनंद झाला होता. पण मी पुढे उभा असताना, कॉलरबोन मोडायच्या आधीच्या तीन सीझनमध्येसुद्धा, तो असा कधीच उभा राहिला नव्हता.