धर्मराज शिपायाची कबुली

कंग्राळीचा धर्मराज बेळगावातल्या एका शाळेत शिपाई होता. १९८२ साली, थोरल्या लेकीचं, अंजनाचं लग्न निपाणीत ठरलेलं असताना, तो खडेबाजारातल्या एका कापडदुकानातून लुगडं उचलून सरळ बाहेर चालू लागला. लोकांनी धरलं, मारलं. भानावर आला तेव्हा लुगडं काखेत होतं, पण ते तिथं कसं आलं, हे काही केल्या आठवेना.

पोलिसांनी बेड्या घालून त्याला भर बाजारातून कोर्टात चालवत नेलं. वाटेत शाळेतल्या मुली भेटल्या. एकीनं सवयीनं "मामा" अशी हाक मारली आणि लगेच तोंडावर हात धरला.

न्यायाधीशांनी आधी पोलिसांनाच कानडीत झापलं. "हा पळून जाणार होता? मग बेड्या कशाला? सुप्रीम कोर्टानं काय बजावलंय, ठाऊक नाही?"

बेड्या निघाल्या, तरी धर्मराजची मान वर होईना.

"चोरी केलीस?"

"व्हय साहेब."

मागून त्याची बायको तानीबाई उठली. "खोटं हाय साहेब! ह्यास्नी झटके येत्यात. पडत न्हाईत, पर भान नसतंय. घरात बी असंच काय बी उचलून चालाय लागत्यात."

"गप बस गं!" तो ओरडला. फेफरं येणाऱ्याच्या पोरीला कोण करून घेणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

न्यायाधीशांनी त्याला तपासणीला धाडलं. पुढच्या तारखेला डॉक्टरांनी सांगितलं, "मेंदूच्या एका भागात झटका येतो. माणूस चालतो, हात काहीबाही करतात, पण त्याच्या मनात ते नसतं. हा चोर नाही आणि वेडाही नाही."

"मनात नव्हतं, म्हणजे गुन्हाही नाही," म्हणत न्यायाधीशांनी त्याला सोडलं.

निपाणीचं लग्न मोडलंच.

"तुझी आई गप बसली असती तर..." धर्मराज पुटपुटला.

"तर चोराची पोरगी म्हणून मोडलं असतं, आप्पा," अंजना म्हणाली. "तुम्ही आईवर वरडला भर कोर्टात. त्याचं काय?"

कितीतरी दिवस तो तानीबाईच्या नजरेला नजर देत नव्हता.

गोळ्यांनी झटके थांबले. पुढच्या वर्षी चिकोडीहून स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांना त्यानंच, जमिनीकडं बघत, सगळं सांगितलं. त्यांनी आठवडाभरानं होकार कळवला.

लग्नाचा बस्ता बांधायला घरची सगळी खडेबाजारात गेली. तानीबाई पोरीला घेऊन दुकानात शिरली. धर्मराज बाहेर पायरीवरच बसून राहिला.