मूळ फाइल डिलीट कर

"ही मच्छीवाली कशाला आली मध्ये?"

सोसायटीच्या सेक्रेटरींनी लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट टेकवलं. बरोबर माझ्या आईच्या तोंडावर.

आम्ही तिघंच होतो क्लब हाउसमध्ये. ते, माझे स्टुडिओवाले सर आणि मी. सोसायटीला दहा वर्षं झाली म्हणून पुस्तिका छापायची होती. कव्हरवर मेन गेटचा फोटो. तो मी काढला होता. सकाळचं ऊन, नवीन रंग दिलेलं गेट आणि बाजूच्या फुटपाथवर छत्री लावून, माशांच्या पाट्या मांडून बसलेल्या आठ बायका. पहिली माझी आई.

"सगळी लाइनच काढून टाका. फोटोला वास येतोय," सेक्रेटरी म्हणाले आणि हसले.

सर हसले. मीपण हसले.

हे मला सांगायलाच पाहिजे. मी हसले.

सरांना माहीत होतं की मी दिवाळे कोळीवाड्याची. आई मासे विकते हे माहीत नव्हतं. कामाला लागले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, आई काय करते? मी म्हटलं होतं, घरीच असते. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "डब्यात मच्छी आणत जाऊ नकोस हां, एसीत वास राहतो." तीन वर्षं मी बटाट्याची भाजी नेली. कोळ्याची पोर. बटाटा.

स्टुडिओत येऊन मी कामाला बसले. एकेक बाई पुसायची. आधी पाटी, मग हात, मग लुगडं, शेवटी तोंड. शेजारची फरशी उचलून त्यांच्यावर पसरायची. आईला मी शेवटी घेतलं. फोटो काढताना तिने मला बघून पदर सारखा केला होता, बाकीच्यांना म्हणाली होती, नीट बसा गो, माजी पोर फोटू कारते. तो सारखा केलेला पदरसुद्धा मी पुसला. अर्ध्या तासात फुटपाथ रिकामा.

सर मागे येऊन उभे राहिले. "मस्त. आता मूळ फाइल डिलीट कर."

"राहू दे ना सर, पुढेमागे लागली तर?"

"कशाला लागेल? एडिट झालं की ओरिजिनल म्हणजे कचरा. डिस्क भरते. आणि उद्या बाहेर गेलं तर क्लायंट माझ्या गळ्याला येईल."

ते सगळंच खोटं बोलत नव्हते. एकदा एका नवरीचा न सुधारलेला फोटो स्टुडिओतून बाहेर गेला होता आणि तिच्या घरच्यांनी येऊन मोठा तमाशा केला होता. मी डिलीट केली. कचरापेटीही रिकामी केली. कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या दिवशी एका लग्नाच्या शूटिंगला गेलं.

वर्ष गेलं असेल. बायकांना नोटीस आली. वॉर्ड ऑफिसात सुनावणी. गेटसमोर बेकायदा बसतात, अलीकडेच यायला लागल्यात, अशी सोसायटीची तक्रार. अलीकडे! सोसायटीचा पाया खणत होते तेव्हापासून माझी आई तिथे बसते. त्या बिल्डिंगीत राहायला आलेल्या पहिल्या कुटुंबाला तिने बोंबील कसे साफ करायचे ते शिकवलंय.

मी घरी आल्या आल्या आई म्हणाली, "तू गेटकरं आमचा फोटू कारलेलास ना? तो दे. साहेबाला दाखवू. तारीख पन असते ना त्यात?"

असते. मूळ फाइलमध्ये असते. दिवस, वेळ, सगळं.

मी म्हटलं, बघते. तिच्याशीही खोटंच बोलले. ते कार्ड मागून एका दुकानात नेलं, गेलेल्या फाइली परत काढून देतात तिथे. त्याने तीन तास मशीन फिरवलं. कुणाच्या तरी हळदीचे तुकडे निघाले. अर्धा मांडव, कुणाचा तरी पिवळा हात. आई नाही. बाकीच्या बायकांच्या मोबाइलमध्ये शोधलं, काहीच मिळालं नाही. रोज पापलेटसाठी घासाघीस करणाऱ्या सोसायटीतल्या बायकांपैकी एकही 'या जुन्याच आहेत' अशी सही द्यायला आली नाही.

मग सांगावंच लागलं. आई कोलंबी सोलत होती.

"आई, तो फोटो नाही. तुम्हाला सगळ्यांना मी पुसलं त्यातून. त्यांनी सांगितलं म्हणून."

ती सोलतच राहिली. हातातली कोलंबी ताटात टाकून म्हणाली, "मना पन?"

"हो."

"वलकलास ना पन मना, पुसताना?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुनावणीला आई आणि बाकीच्यांबरोबर मीही गेले. सेक्रेटरींनी पुस्तिका साहेबांपुढे ठेवली. "बघा साहेब, मागच्या वर्षीचा फोटो. एक तरी बाई दिसते का?"

साहेबांनी बायकांना विचारलं, "तुमच्याकडे काय आहे?"

मी उभी राहिले. "हा फोटो मी काढलाय. इथे आठ बायका होत्या. मी पुसल्या."

सेक्रेटरी वळले. "तू त्या स्टुडिओची ना? तुझा काय संबंध इथे?"

"ही माझी आई आहे."

तीन वर्षं न बोललेलं वाक्य.

"मूळ फोटो?" साहेब.

"नाही. डिलीट करायला लावला. आणि मी केला." मी पुस्तिका ओढून घेतली. "पण हे बघा. इथे छत्रीची सावली राहिलीय. छत्री कुठाय? आणि ही तुटलेली फरशी बघा, सहा वेळा तीच आलीय."

साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. त्यांना दिसलं. दिसलं हे मला कळलं. पुस्तिका मिटून ते म्हणाले, "सावलीवर मी काय शेरा लिहू, बाई?"

निकाल सोसायटीच्या बाजूने गेला, बायका गेटवरून उठल्या. आठवड्यात तिथे सिमेंटच्या मोठ्या कुंड्या आल्या. सरांनी मला फोन करून सांगितलं, क्लायंटची गोष्ट बाहेर बोललीस, आता येऊ नकोस. मी म्हटलं, येणारच नव्हते. पुढे काही बोलायचं होतं, पण त्यांनी ठेवून दिला.

आता मी एकटी कामं घेते. बारशी, साखरपुडे, हळदी. ओळखीचे फोटोग्राफर मला वेड्यात काढतात. म्हणतात, एडिट करून दिलं की मोकळं व्हायचं, ओझं कशाला सांभाळायचं? मूळ फोटो मी दोन डिस्कवर सांभाळते. ज्याचा चेहरा आहे तो स्वतः येऊन म्हणाला, माझा फोटो नको ठेवूस, तर त्याच्यासमोर पुसते. एका मुलीचे असे पुसलेत. पण फ्रेममधला माणूस दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत खुपतो म्हणून पुसणार नाही. कामाआधीच हे सांगते. काही जण उठून जातात. जाऊ देत.

आई आणि बाकीच्या आता नाल्यावरच्या पुलाच्या कडेला बसतात. गिऱ्हाईक निम्मं. दर सोमवारी सकाळी मी तिथे जाते. आई आता मला बघून पदर सारखा करत नाही. कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाही. तिने बघावं असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी घालवलाय. पुलाचा नंबर दिसेल असा कोन धरते, आठही जणी फ्रेममध्ये घेते, बटण दाबते. तारखेसकट मूळ फाइल ठेवते.

तिथूनही उठवायला येतील. कागद घेऊन येतील, गुळगुळीत फोटो घेऊन येतील. येऊ देत. या वेळी त्यांना सावलीशी नाही, बायकांशी बोलावं लागेल.