मास्तरांनी अंगावर घेतलेलं गाऱ्हाणं

शिरोड्याच्या गाडीचा कंडक्टर आमच्याच वाडीतला. महिन्यापूर्वी सावंतवाडीच्या स्टँडवर त्यानं मला हाक मारली आणि तिकिटांची पेटी काखेत धरून सांगितलं, "मास्तर गेले गो. काल सकाळी. चाय पियत होते..." कोण मास्तर, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या वाडीत मास्तर एकच. मी तशीच शाळेत गेले, आठवीच्या वर्गाला इंग्रजीचा धडा शिकवला आणि संध्याकाळी आईला सांगितलं. आई सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "शिकवी बरो. पण माणूस वायट." हे वाक्य ऐकून मी चौदा वर्षं गप्प बसत आले आहे, आणि आज लिहायला घेतलं आहे ते त्यासाठीच.

आम्ही लहान असताना सरकारी शाळेत सातवीपर्यंत इंग्रजीचं अक्षर नव्हतं. तालुक्याच्या हायस्कुलात आठवीत गेलं की ते एकदम अंगावर यायचं, आणि आमच्या वाडीतली पोरं सहामाहीच्या आत परत येऊन जाळी विणायला बसायची. मास्तरांना याचा राग होता. त्यांनी मराठी शाळेतली नोकरी सोडून इंग्रजीच्या तयारीची शाळा काढली. शाळा कसली, रापणीची जाळी ठेवायची खोप! रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं ओढायचं लांबलचक जाळं. ते ओढायला अख्खी वाडी लागते, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. त्या रापणकरांनीच खोप दिली होती. आम्ही अकरा जण जाळ्यांच्या ढिगावर बसून बोट, रोप, नेट असं हाताला लागेल ते इंग्रजीत घोकायचो. मास्तर रागावले की इंग्रजीत रागवायचे. आम्हाला कळायचं नाही, म्हणून आम्हाला ते फार आवडायचं.

दुसऱ्या वर्षी मास्तरांनी हायस्कुलाच्या हेडमास्तरांना परीक्षा घ्यायला बोलावलं. परीक्षा बरी झाली तर आम्हाला थेट आठवीत घेणार होते. पण हंगाम रापणीचा. जाळं मासळीनं जड झालं की किनाऱ्यावरून हाळी येणार आणि आईबाप आम्हाला वर्गातून उठवून दोराला लावणार, हे ठरलेलंच. मास्तर आठवडाभर नीट जेवले नव्हते म्हणे. तेव्हा मी एक अक्कल चालवली. देवळात गावकर सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं साकडं घालतात, ते गाऱ्हाणं; त्यांची नक्कल मला हुबेहूब जमायची. परीक्षेच्या सकाळी मी घरातला नारळ उचलला, खोपीमागच्या देवचाराच्या, म्हणजे वाडीच्या राखणदाराच्या, दगडावर फोडला आणि घसा खरवडून म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आज रापणीक एक म्हावरां गावाक देव नको रे म्हाराजा!" जाळ्यात एक मासाही सापडू नये, असं मागणं! बाकीचे दहा जण ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि आम्ही पोट धरून हसलो.

त्या दिवशी जाळं रिकामं आलं, हाळी आलीच नाही. आमची परीक्षा उत्तम झाली. पण दुसऱ्या दिवशीही जाळं रिकामं, तिसऱ्या दिवशीही... पंधरा दिवस तेच. वडील मुंबईला गोदीत होते, त्यांची मनिऑर्डर कधी यायची, कधी नाही. घर चालायचं ते आईच्या मासळीच्या टोपलीवर. आम्ही पेजेवर आलो. आई माझ्या ताटलीत वाढायची आणि स्वतः "भूक नाय" म्हणायची. त्या पेजेचा एकेक घोट मला गिळवत नव्हता. मी देवचारापाशी जाऊन एकटीच रडून आले, पण सांगायचं धाडस झालं नाही. शेवटी आमच्यातल्याच कुणाच्या तरी तोंडून फुटलं. शाळेतल्या पोरांनी गाऱ्हाणं घातलं एवढंच फुटलं, माझं नाव नाही.

रविवारी दुपारी देवळात वाडी जमली. रापणीचा म्होरक्या भिवा तांडेल खांबाला टेकून बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "घातल्यान कोणी?" ज्यानं घातलं त्यानंच सगळ्यांसमोर ते मागं घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. कुणी पुढे येईना. तेव्हा माझी आई उठली. मी तिच्या पाठीमागे तिच्या लुगड्याला धरून बसले होते. ती म्हणाली, "माजा चेडू आसात तर आज शाळा बंद! उद्यापासून डोक्यार टोपली!" तिची मुलगी म्हणजे मीच, आणि आई बोलली की करायचीच. दहाही जण माझ्याकडे बघत होते. भिवा तांडेल त्यांची नजर कुठे जाते ते पाहत होता.

"मी सांगलंय," मास्तर मागून म्हणाले. "पोरांनी फकत म्हटल्यानी. परीक्षा व्हयी होती माका."

मग मास्तर पुढे आले, नारळ ठेवला आणि अडखळत गाऱ्हाणं मागं घेतलं. वाडीनं शाळा राहू दिली, पण मास्तरांच्या घरचा रापणीचा वाटा कायमचा बंद केला. तीन दिवसांनी जाळं भरून आलं आणि मास्तरांचा गुन्हा पक्का झाला. आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

देवळातल्या त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी वर्ग सुटल्यावर मास्तरांनी मला थांबवलं होतं. "आवशीक आता सांगू नको. शाळा सुटात तुजी. शिक, आणि मगे सांग." मी आठवीत गेले, मॅट्रिक झाले, इंग्रजी शिकवायला लागले. आईला माझ्याकडे घेऊन आले. तिला सांगायचं मात्र दर वर्षी पुढे ढकलत राहिले. आई शाळा बंद करील ही भीती कधीच गेली होती. तिच्या नजरेतून उतरायची भीती होती.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघी वाडीत गेलो होतो. मास्तर खूप थकले होते. मी भेटायला गेले तर त्यांनी हसून विचारलं, "सांगलंस मा आवशीक?" आणि मी, त्यांची विद्यार्थिनी, त्यांच्या तोंडावर म्हणाले, "होय." त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तिथेच मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत ते आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. पेळेच्या कट्ट्यावर बसून म्हणाले, "वयनीनू, बरी आसास मा?" आईनं पाण्याची कळशी उचलली, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं, मराठीत नाहीतर इंग्रजीत. ते काठी शोधून उठले आणि सावकाश निघून गेले. मी दारात उभी होते. तेव्हाही हाक मारता आली असती...

हे सगळं लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. छापून आलं की वाडीत वाचतीलच, पण आईला अक्षर येत नाही. ती आत्ता चुलीपासून उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आहे.

"मास्तरार लिवतंस मा गो?" ती विचारते आहे. "वाच बघूया."