शिवकांताच्या गाडीचा विमा

मलप्पानं उभी हयात दुसऱ्यांच्या जीपा चालवल्या. उदगीरच्या स्टँडवर त्याला सगळे ओळखत, कारण सुपारीखेरीज त्याला कसलं व्यसन नव्हतं आणि बाळंतीण गाडीत असली की तो खड्ड्यावरून गाडी अशी काढायचा की आत बाळ जागं होत नसे. उतारवयात त्यानं एका डॉक्टराची जुनी ओम्नी विकत घेतली. उदगीर जिल्हा होणार, कचेऱ्या येणार, बाहेरगावची माणसं येणार, असं तेव्हा जो तो बोलत होता. जिल्हा झाला की गाडीला टॅक्सीचं परमिट काढायचं आणि म्हातारपणी मालक म्हणून मिरवायचं, एवढाच त्याचा बेत होता.

जिल्हा काही झाला नाही. मलप्पाला मात्र शुगर झाली. उजव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम वर चढत गेली आणि लातूरच्या दवाखान्यात घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. त्या गडबडीत गाडीच्या विम्याची मुदत कधी संपली ते घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ओम्नी दारात ताडपत्रीखाली उभी राहिली.

त्याची थोरली लेक शिवकांता त्याच साली अठराची झाली. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. पाऊस दोन वर्षं रुसलेला, गावाबाहेरचा तलाव कोरडाठाक पडलेला. त्या भेगाळलेल्या तळात मलप्पानं कुबड्या बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसून तिला गाडी शिकवली. पोरीचा हात चांगला होता. ती घाबरत नसे आणि घाईही करत नसे. लातूरला आरटीओच्या साहेबानं तिला पहिल्याच खेपेला पास केलं, त्या दिवशी मलप्पा येताना बसमध्ये अनोळखी माणसांनाही सांगत होता.

लायसन्स हातात पडलं आणि आठवडाभरात वाजिद घरी आला. वाजिद चौकात घड्याळं दुरुस्त करायचा, मलप्पाचा जुना दोस्त. त्याची बायको बानो हिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला लातूरला मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागे. पण लातुरातच पाणी नव्हतं. शहराला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेली. त्या मशीनला तर पाणी लई लागतं. दवाखान्यात टँकर आला की फोन यायचा, या म्हणून, आणि तेव्हा एसटी असेलच असं नव्हतं. टॅक्सीवाले तोंडाला येईल ते भाडं सांगत. वाजिद म्हणाला, तुझी गाडी उभी आहे, पोरीला लायसन्स आहे, पेट्रोल मी टाकतो, वर जमेल ते देतो.

मलप्पाला नाही म्हणवेना. पण त्यानं एक अट घातली. "इमा उतरवल्याबिगर पोरीला रस्त्यावर घालणार न्हाई." बसवंत नावाचा त्याच्या बरोबरीचा ड्रायव्हर विमा नसलेल्या गाडीनं अपघात करून बसला होता, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता त्याचं घर गेलेलं मलप्पानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

बापलेक लातूरला एका विमा कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी कागद चाळले आणि गाडी कोण चालवणार ते विचारलं. शिवकांतानं लायसन्स पुढे केलं. बाईंनी त्यावरची तारीख पाहिली, मग पोरीकडे पाहिलं. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा मिळेल, त्याचा दर सरकारनं ठरवलेला आहे, पण गाडी जुनी, मधे विमा तुटलेला, ड्रायव्हर नवी, तेव्हा गाडीचा पूर्ण विमा वरून मंजूर होणार नाही, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या कंपनीत हेच ऐकायला मिळालं, फक्त तिथं बसायला खुर्ची दिली नाही. तिसरीकडे मिळत होता, पण त्याचा आकडा ऐकून मलप्पा कुबड्या सावरत उठला.

मग त्यानं टॅक्सीचं विचारलं. सरळ पिवळी पाटी लावून, भाड्याच्या गाडीचाच विमा काढला तर? त्याचं उत्तर आणखी सोपं निघालं. भाड्याची गाडी चालवायला वीस वर्षं पुरी लागतात. शिवकांताला अजून दोन वर्षं अवकाश होता.

"दोन वर्सं बानोचाची थांबल का?" परतीच्या बसमध्ये शिवकांता एवढंच बोलली.

शेवटी गावातल्या बसलिंगप्पा एजंटानं वाट काढली. माणूस खोटा नव्हता. त्यानं एका कंपनीतून खाजगी गाडीचा पूर्ण विमा जरा कमी हप्त्यात जमवून आणला, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठवले आणि मलप्पाला स्पष्ट सांगितलं, की हा विमा घरच्या वापराचा आहे, भाडं घ्यायचं नाही. मग म्हणाला, "कोणी इचारलं तर पाव्हणे म्हणायचं. समदे तेच करतेत."

हप्ता तरी कुठून आणायचा? मलप्पाच्या बायकोनं, रत्नम्मानं, छपरावरची पाण्याची मोठी टाकी विकली. त्या उन्हाळ्यात टाकीला सोन्याचा भाव आला होता. नवरा काही बोलायच्या आत ती म्हणाली, टाकीत घालायला पाणी आहे कुठं. त्या दिवसापासून ती घागरी घेऊन रांगेत उभी राहू लागली आणि तिचा उजवा खांदा दुखायला लागला, तो कायमचाच.

गाडी सुरू झाली. शिवकांता चालवी, शेजारी मलप्पा बसे, मागं बानो आडवी आणि वाजिद तिचं डोकं मांडीवर घेऊन. जाताना बानो गप्प असे, येताना मात्र बोलत येई. तिला मूल नव्हतं. शिवकांताच्या केसांना तेल नसतं म्हणून ती रागवायची, आपल्या वाट्याचं दवाखान्यातलं बिस्किट राखून ठेवून तिला द्यायची. वाजिद पेट्रोल टाके आणि वर थोडे पैसे डॅशबोर्डवर ठेवी. शिवकांता त्यातले कधी कधी परत त्याच्या खिशात कोंबत असे. घरात पुन्हा चहा दोनदा होऊ लागला. मलप्पाला वाटू लागलं, पोरगी वीसची होईपर्यंत असं निभलं तर खरंच पिवळी पाटी लावता येईल.

मे महिन्यात एका दुपारी नळेगावच्या अलीकडे पुढं पाण्याचा टँकर चालला होता. त्याची तोटी गळत होती आणि वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन त्याच्यामागं धावत होत्या. एक जण तोल जाऊन रस्त्याच्या मधोमध पडली. मलप्पानं नसलेला पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला. शिवकांतानं ब्रेक लावला, पण अंतर कमी होतं, आणि तिनं गाडी डावीकडं काढली. ओम्नी रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीच्या बुंध्यावर आदळली. बाई वाचली. गाडीतल्या कुणाच्या जिवावर बेतलं नाही, फक्त शिवकांताचं मनगट मोडलं आणि बानोच्या कपाळाला खोक पडली. गाडीचं तोंड मात्र आत गेलं होतं, स्टेअरिंगपर्यंत.

मलप्पा पोरीला म्हणाला, "मीबी हेच केलं असतं." त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी तिनं कधी ऐकली नव्हती.

कंपनीचा सर्व्हेअर चार दिवसांनी आला. तरुण, अदबीनं बोलणारा. गाडी पाहिली, फोटो घेतले. मलप्पानं ठरवल्याप्रमाणे सांगितलं, दोस्त आहे, त्याच्या बायकोला दवाखान्यात नेत होतो. सर्व्हेअरनं मान डोलावली आणि गाडीतल्या माणसांना भेटतो म्हणाला. मलप्पा कुबड्या घेऊन त्याच्यासोबत वाजिदच्या घरी गेला.

वाजिद दुकानात होता, तो निरोप मिळून पळत येईपर्यंत उशीर झाला होता. बानो खाटेवर पडून होती. पोलीस आहे, पोरीला धरायला आला आहे, असं तिला वाटलं असावं. ती उठून बसली, डोक्यावर पदर घेतला आणि शिवकांताची बाजू मांडू लागली. किती सांभाळून चालवते, किती माया करते. आणि मग म्हणाली, "दुसरे गाडीवाले दुप्पट भाडं घेतेत, साहेब. ह्या लेकरानं पेट्रोल आन् थोड्या पैशाच्या वर कधी मागितलं न्हाई. लई इमानदार पोरगी हाय."

सर्व्हेअरनं लगेच काही लिहिलं नाही. दारात उभ्या वाजिदनं भिंतीला टेकून खाली पाहिलं. मलप्पाला त्या क्षणी बानोचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आपल्या पोरीबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

दावा नामंजूर झाला. मलप्पा एकटाच नांदेडला कंपनीच्या मोठ्या कचेरीत गेला, जिने चढून. तिथल्या अधिकाऱ्यानं त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मुलीची चूक नाही, हे आम्हालाही मान्य आहे, असं तो म्हणाला. पण घरच्या वापराच्या गाडीत भाडं घेतलं, तिथं विषय संपतो. मलप्पा पाणी प्याला आणि जिने उतरला.

ओम्नी भंगारात गेली. बानो पुन्हा एसटीनं जाऊ लागली. फोन आला तरी बस नसायची, मग मशीनवरची खेप चुकायची. पाय सुजलेले असताना ती एकदा मलप्पाच्या दारी आली आणि गाडी कधी दुरुस्त होणार म्हणून विचारू लागली. आपल्या बोलण्यानं काय झालं, हे वाजिदनं तिला सांगितलं नव्हतं. रत्नम्मा आत निघून गेली. मलप्पा म्हणाला, "काम चालू हाय, भाभी. पार्ट यायचाय." बानो समाधानानं परत गेली. श्रावणात पाऊस चांगला लागला, तलावात पाणी आलं, पण तोवर ती गेली होती.

शिवकांताचं मनगट वाकडं जुळलं. पुढं ती लातूरला क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये चपात्या लाटायला लागली आणि तिथंच राहू लागली. ती वीस वर्षांची झाली तेव्हा मलप्पा मुद्दाम बसनं तिला भेटायला गेला. आता भाड्याच्या गाडीचं लायसन्स निघू शकतं, कुणाच्या तरी गाडीवर काम मिळेल, असं त्यानं भीत भीत सुचवलं.

शिवकांतानं पिठाचे हात पदराला पुसले आणि बापाला जेवायला वाढलं. "अप्पा, मनगटात जोर न्हाई राहिला," ती म्हणाली. मग पोरांची पंगत बसायची वेळ झाली होती म्हणून ती आत गेली. मलप्पानं चपाती मोडली. ती पातळ होती, सगळीकडून सारखी लाटलेली.