पथ्याची सोबत

नवीन पनवेलच्या त्या दवाखान्यात माझ्या अन्ननलिकेचा जितका अभ्यास झालाय, तितका माझ्या स्वभावाचा घरात कुणी केला नसेल. वर्षानुवर्षांच्या अॅसिडिटीने नळीचं खालचं अस्तर बदललंय. डॉक्टर म्हणाले, "हा कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. म्हणून दुर्बिणीतून बघत राहायचं. लवकर सापडला तर माणूस वाचतो." तेव्हापासून ठरल्या वेळी उपाशीपोटी जायचं, घशात कडू फवारा मारून घ्यायचा, कुशीवर झोपून दुर्बीण गिळायची. मग काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला.

आमचे हे दर वेळी बरोबर यायचे. माझी पर्स मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसायचे आणि मध्येच खाली जाऊन तंबाखूचा बार भरून यायचे. मी चिडले की म्हणायचे, "तुजी नळी बघायची हाय, माजी नाय."

माझं तिखट बंद झालं. पुढे त्यांनीही ताट बदललं. तांदळाची भाकरी आणि सुकट नसेल तर ताटावरून उठणारा हा माणूस माझ्याबरोबर मऊ भात आमटीत कालवून खाऊ लागला. जाऊ चिडवायची, "नवरा मिळावा तर असा!" मी वरवर नाक मुरडायचे, पण आतून फुशारायचे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोण बायकोचं पथ्य पाळतं?

पँट ढिली झाली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मी म्हटलं, पथ्य मानवलं. दर घासामागे ते पाण्याचा घोट घ्यायला लागले, तेव्हा वाटलं उकाडा आहे. घरातल्या सगळ्यांचं लक्ष मी नीट गिळतेय ना, याकडे होतं. माझंही.

मग कामोठ्याला पुतणीची हळद होती. जेवणात मटण आणि भाकरी. वाढणाऱ्याने आग्रह केला, "दादा, भाकरी नाय घेतली? असं चालनार नाय." चार लोकांसमोर नको कसं म्हणणार? यांनी एक तुकडा तोंडात घातला, थोड्या वेळाने उठले ते परत आलेच नाहीत.

मी मांडवामागे गेले. पाण्याच्या पिंपाशी वाकून ते उभे होते. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि एका मुठीने ते छातीवर ठोकत होते. चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती. रोजचं काम उरकावं तसं चाललं होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"गणपतीपासून."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुजा रिपोर्ट यायचा होता ना. घरात एक आजारी हाय तो पुरे."

मला इतका राग आला की त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पलीकडे बेंजो वाजत होता, बायका नाचत होत्या. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि तिथेच रडू फुटलं.

त्याच आठवड्यात त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा चष्मा आणि मोबाइल हातात घेऊन मी बाकावर बसले. एरवी नर्स येऊन "झालं" म्हणायची. आज डॉक्टर स्वतः बाहेर आले, तेही फार लवकर.

"दुर्बीण पुढे जात नाहीये. वाट अडली आहे. तुकडा घेतलाय तपासायला."

"पण लवकर सापडलंय ना?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "आत या. ते जागे होतायत."

इंजेक्शनची गुंगी अजून उतरली नव्हती. घसा बधिर होता, शब्द जड येत होते. मला बघून त्यांनी हात पुढे केला.

"झालं? काय बोलला डॉक्टर? तुजं ठीक हाय ना?"

आपण कुणासाठी आलोय हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "माझं ठीक आहे."

"मंग झालं तर," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.