हिरवा दिवा आणि कोल्हारचा सांधा

कोल्हारचा तो सांधा खराब होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. माहीत नाही ते माझ्याचमुळे. एवढं एक वाक्य कागदावर यायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तालुक्याच्या एका टेलिफोन एक्सचेंजमध्ये ज्युनिअर इंजिनिअर होतो. रस्त्याच्या कडेने काचेची केबल नुकतीच टाकली होती. लांबून येणारा सिग्नल आमच्यापर्यंत पोचेतो दमलेला असायचा, त्यातले ठोके एकमेकांत मिसळलेले. ते ओळखून, पुन्हा तालात बसवून पुढे पाठवायला एका कार्डावर नखाएवढी चिप होती. डेटा कोणत्या वेगाने येतोय ते तिचं तीच शोधायची. एक वेग लावून बघायचा, नाही जुळला तर दुसरा. जुळला की हिरवा दिवा. आधी कोणता वेग लावून बघायचा, ते मात्र बारीक स्विचांनी आपण ठरवून द्यायचं.

केबलचे सांधे जोडणारा माणूस तिसगावचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, रोजंदारीवरचा. कायम करायच्या लोकांच्या यादीत त्याचं नाव त्या वर्षी पहिल्यांदा लागलं होतं. केसाएवढ्या दोन काचतारा यंत्रात समोरासमोर धरून वितळवून जोडायच्या. त्याच्याइतका स्थिर हात मी दुसरा पाहिला नाही.

लाईनचा वेग वाढवला त्याच आठवड्यात भानगड सुरू झाली. सकाळी चाचणीचा ठरलेला नमुना सोडला की दिवा हिरवा. खरे कॉल सुरू झाले की थोडा वेळ बरं, मग सगळे तुटायचे. दिवा क्षणभर जायचा, परत यायचा. मला काही उमगेना. चिपला वेग सापडलाय म्हणजे आपलं टोक ठीक आहे, असं मी वरच्या साहेबांना फोनवर सांगून टाकलं.

"अहो, चिप परदेशातली आणि सांधा तिसगावकराच्या हातचा," ते हसले. "कोण चुकलं ते मला काय विचारता?"

मी त्याला कोल्हारच्या पुलाजवळचा सांधा उघडायला सांगितलं.

"म्या तर नीट केल्ता सायेब. यंत्रानं बी चांगला दावला हुता."

"मग कॉल का तुटतात?"

"त्ये मला कसं कळावं? तुमी म्हनता म्हंजी आसंल कायतरी."

तो जीपमध्ये यंत्र घालून गेला. सांधा कापल्यामुळे लाईन बंदच होती, म्हणून मी कार्डाचं माहितीपुस्तक घेऊन बसलो. वेग वाढवला तेव्हाच वाचायला हवं होतं ते. नवा वेग जुन्याच्या जवळजवळ चौपट होता. चाचणीच्या नमुन्यात सारखे चार ठोके लागोपाठ आले की चिपला तो जुन्या वेगाचा एकच लांब ठोका वाटू शकतो. मग ती जुन्याच वेगावर जाऊन बसते, दिवा लावते. पण नवा वेग नेमका चौपट नाही, म्हणून खरे कॉल सुरू झाले की घसरत जाते आणि ते तुटतात. माझे स्विच अजून 'आधी जुना वेग' असेच होते. ते बदलायचं काम माझं होतं.

मी ते बदलले. पाच मिनिटांत कोल्हारहून फोन.

"सायेब, सांदा नवा केलाय. बगा आता."

लाईन स्वच्छ. खरे कॉल सोडले, तेही टिकले.

आता, कशामुळे? स्विच परत जुन्या जागी नेऊन दहा मिनिटं थांबलो असतो, तर माझी चूक किती ते तरी कळलं असतं. बोट स्विचवर ठेवलंही होतं. काढून घेतलं. रिपोर्टात लिहिलं, 'सांधा सदोष, पुन्हा जोडला', आणि सही केली. स्विचाचा उल्लेख नाही.

त्या रिपोर्टावर त्याचं नाव यादीतून गेलं. पुढे कामावरूनही गेला. सांधाही थोडा खराब असेल, दोन्ही कारणं असतील, असं मी स्वतःला सांगत आलो. कधीकधी ते पटायचंही, मग आंघोळ करताना किंवा जेवताना एकदम पटेनासं व्हायचं.

दोनेक वर्षांनी कामासाठी तिसगावला गेलो. बाजाराचा दिवस होता. त्याने रस्त्यालगत सायकलचं दुकान टाकलं होतं. मला बघून उठला, चहा सांगितला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "सायेब, येक इचारू? त्यो कोल्हारचा सांदा खरंच खराब हुता का?"

'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. तेच खरं होतं.

"होता जरा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. राग नव्हता, उलट सुटल्यासारखा दिसला. "तरीच. लई दिस डोकं चालत न्हवतं माजं, चुकलं कुटं म्हनून. तवा हात कापत आसंल माजा."

बोलता बोलता तो एका वाकड्या चाकाच्या तारा आवळून रिम सरळ करायला लागला. चाक फिरवायचा, एक डोळा मिटून बघायचा, किल्ली केसभर वळवायचा. हात जराही हलत नव्हता. मी ते बघितलं, आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठलो.